दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात

तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही, हे वाक्य मी तीन तोंडांतून ऐकलंय. शेटजीच्या, भटजीच्या आणि आपल्याच कार्यकर्त्याच्या. पहिल्या दोघांचं मी समजू शकतो, त्यांचा त्यात धंदा आहे. भांडायचंय ते तिसऱ्याशी. घरातलं भांडण आहे, आवाज चढणार. चढू द्या.

निमित्त साधं आहे. आमच्या वस्तीतली एक पोरगी बारावी झाली. मार्क चांगले. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप सातपूरला हेल्पर. पोरगी म्हणाली, मला तत्त्वज्ञान घेऊन बीए करायचंय, नवीन चार वर्षांचं, ऑनर्सचं. विहारात बैठक बसली. कुणी म्हणालं नर्सिंग कर. कुणी म्हणालं डीएड. मग मोर्च्यात सगळ्यात पुढे झेंडा धरणारा आमचा एक साथी उठला आणि म्हणाला, ताई, तत्त्वज्ञान हा बामणांचा विषय. आपल्याला हक्क पाहिजेत, दर्शनं नकोत. टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांवर हा लेख आहे.

मी गिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन रात्रपाळी संपल्यावर. म्हणून पोटाचं गणित मला कुणी शिकवू नये. पण हक्क मागायचे ते कशाच्या जोरावर? माणूस माणसाइतकाच, हे कुठल्या यंत्रातून निघालेलं सूत नाही. कुणीतरी ते विचार करून सिद्ध केलं, समोरच्याचं खोडून काढलं, तेव्हा ते हक्क म्हणून कागदावर आलं. ज्याच्या हातात विचार ठरवायचं काम, त्याच्याच हातात हक्क वाटायचं काम. आणि आपण म्हणतोय, ते काम त्यांच्याकडेच राहू द्या, आम्ही फक्त घोषणा देतो!

बामणांचा विषय म्हणे. अरे, बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं, घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावं लागलं. का अडवलं असेल? त्या भाषेत खजिना होता आणि खजिन्यावर पहारा होता. पहारा तिथेच असतो जिथे काहीतरी ठेवलेलं असतं. पुढे १९१३ ला बाबासाहेब कोलंबियात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद अभ्यासकांनी केलीय. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, आणि तत्त्वज्ञानाचे ५. जॉन ड्यूई तिथे शिकवत होते. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्या मास्तरांचं ऋण बाबासाहेबांनी नाव घेऊन मान्य केलंय. जातिनिर्मूलनाचं सगळ्यात धारदार भाषण, जे लाहोरच्या मंडळींना झेपलं नाही म्हणून होऊच दिलं गेलं नाही, त्यात तत्त्वज्ञानाचा वर्ग बसलेला आहे.

आणि नाशिककरांनी तरी हे बोलू नये. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि आपली बाया-माणसं उन्हात बसली, दगड खाल्ले, तुरुंगात गेली. दरवाजा उघडला नाही. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला ह्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मी मरणार नाही. पण बौद्ध झाले कधी? १४ ऑक्टोबर १९५६. मधली २१ वर्षं काय करत होता तो माणूस? राजकारण, घटना, मंत्रिपद, सगळं केलंच. त्याबरोबर धर्म वाचत होता, तपासत होता, एकेक घासून बघत होता. येवला ते नागपूर हा २१ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपण दोन्ही तारखांना गाड्या भरून जातो आणि मधला अभ्यास वगळतो.

औरंगाबादला १९५० साली कॉलेज काढलं तर त्याला नाव काय दिलं? मिलिंद. एका राजाचं नाव, खरं. पण कसला राजा? नागसेन भिक्खूला प्रश्नावर प्रश्न विचारणारा. कॉलेजचं नावच एका वादविवादावरून आहे, आणि परिसराला नाव उत्तर देणाऱ्याचं, नागसेनवन. आता सांगा कुणाचा विषय.

आता पदवीकडे वळतो. ह्या नव्या चार वर्षांच्या पदवीबद्दल आपल्यात दोनच मतं चालतात. एक, हे सगळं मनुवादी कारस्थान आहे, लांब राहा. दुसरं, सरकारने दिलंय ना, घ्या. दोघांनीही कागद वाचलेला नसतो.

कागद असा आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२२ चा आराखडा. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू. नाशिकची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाईंच्या नावाच्या पुणे विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे २०२४ च्या तुकडीचं चौथं वर्ष २०२७-२८ ला. प्रत्येक वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट. चार वर्षांचे १६० ते १७६. पहिलं वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट. दुसरं करून सोडलं तर डिप्लोमा. तिसऱ्याला पदवी. चौथ्याला ऑनर्स. पहिल्या-दुसऱ्या वर्षी सोडणाऱ्याने वर आणखी चार क्रेडिटचं कामधंद्याचं काहीतरी करायचं.

नीट बघा दोस्तांनो. काळारामाचा दरवाजा आत जायला होता, तो बंद ठेवला. ह्या कॉलेजाला तीन दरवाजे जास्तीचे बसवलेत आणि तिन्ही बाहेरच्या बाजूला उघडतात. कुणी ढकलायची गरज नाही. घरात बाप आजारी पडला, हप्ता थकला, धाकट्याची फी आली, की पहिला दरवाजा आपोआप करकरतो. पूर्वी पोरगा पहिल्या वर्षाला सुटला तर ‘शिक्षण सुटलं’ म्हणायचे, कुणाला तरी लाज वाटायची. आता त्याच्या हातात सर्टिफिकेट असेल. सुटलेला मोजणीतच येणार नाही, तो ‘पूर्ण करून बाहेर पडलेला’ असेल. आमच्या गिरणीत बदली कामगार असतो ना, तसं. गेटवर रोज हजर, काम मिळालं तर मिळालं, कायम कधीच नाही. शिक्षणातला बदली कामगार तयार होतोय. कोण असेल तो, हे काय मी सांगायला पाहिजे?

ह्यावर विद्वान म्हणतील, परत येता येतं की. येतं. नियमात आहे, बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत या, आणि सगळी पदवी सात वर्षांत संपवा. कमावलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात, बँकेसारखे. हा नियम चांगला आहे, मी त्याला शिव्या देणार नाही. कामगाराच्या पोराला सात वर्षं मिळणं ही छोटी गोष्ट नव्हे. पण परत यायला नियम पुरतो का?

बाबासाहेबांचंच बघा. १९१७ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने परवानगी दिली होती, चार वर्षांच्या आत येऊन पुरं करा. म्हणजे नियम तेव्हाही होता. पण १९२० ला ते जाऊ शकले ते परवानगीच्या चिठ्ठीवर नव्हे. सिडनहॅम कॉलेजात मास्तरकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्राने उसने दिले. पगार, महाराज, मित्र. ह्या तिघांनी तो दरवाजा आतल्या बाजूला उघडला. आपल्या वस्तीतल्या पोरीसाठी हे तिघं कोण आहेत? नाव सांगा. गप्प बसू नका.

चौथं वर्ष का पाहिजे, तीन वर्षांत पदवी मिळतेच की, असं कुणी विचारील. इथेच खरी गोम आहे. पहिली तीन वर्षं दुसऱ्यांनी काय म्हटलं ते शिकायचं. चौथ्यात स्वतः काहीतरी म्हणायची सोय आहे. ऑनर्सचे दोन प्रकार, साधं आणि संशोधनासह. संशोधनवाल्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. आणि चार वर्षांत ७५ टक्के टिकवले तर एमए न करता थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र. आपल्या लोकांना त्यात पाच टक्के सूट आहे. म्हणजे ही शिडी चढायची तर पहिल्या सत्रापासून मार्क सांभाळायला लागतात. पहिलं वर्ष मोर्च्यात घालवू, मग बघू, हे चालणार नाही. मोर्च्याला या, जरूर या, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरांना बॅनर बांधायला बोलावणाऱ्या नेत्याला सरळ नाही म्हणा.

अजून एक खाच. संशोधनासह ऑनर्स चालवायला त्या विभागात किमान दोन कायम प्राध्यापक पीएचडीचे मार्गदर्शक असावे लागतात. तासिका तत्त्वावरच्या मास्तरांवर जिथे विभाग ढकलला जातो, तिथे चौथं वर्ष कागदावर राहील. तत्त्वज्ञानाचा विभाग तर आधीच कोपऱ्यातला, पोरं कमी, जागा भरत नाहीत. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारायचं, चौथ्या वर्षाला हा विषय इथे आहे का? तोंडी नको, लिहून द्या. नसेल तर तीन वर्षांनी पुण्याला विद्यापीठात जावं लागेल, त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरायचा. ह्याला म्हणतात आखणी. आपण जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता चार महिने आधी आखतो.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. मी कविता लिहितो. आपल्यातले पुष्कळ जण लिहितात. आपली आत्मकथनं, आपल्या कविता विद्यापीठात लावल्या जातात, त्याचा आपल्याला अभिमान. पण बघा काय होतं. आपण ‘अनुभव’ देतो, ‘दाहक’, ‘अस्सल’, ‘अंगावर काटा आणणारा’. आणि त्याचा अर्थ काय ते दुसरा सांगतो. कापूस आपला, सूत आपलं, कापडावर छाप त्याची. गोपाळ गुरूंनी २००२ साली हे इंग्रजीत स्वच्छ मांडलं, की इथल्या समाजशास्त्रांतसुद्धा वर्णव्यवस्था आहे, सिद्धान्त करणारे वेगळे आणि माहिती पुरवणारे वेगळे. मग सुंदर सरुक्काई ह्या तत्त्वज्ञाशी त्यांचा वाद चालला, त्याचं २०१२ ला पुस्तक झालं. ज्याने अनुभव भोगला नाही त्याला त्यावर सिद्धान्त करायचा अधिकार आहे का, हा त्या वादाचा गाभा. हा प्रश्न आपला आहे! आणि आपल्या किती पोरांनी तो वाद वाचलाय? रडणं आपल्याकडे, विचार त्यांच्याकडे, अशी वाटणी आपण मान्य केली तर विद्रोहाच्या कवितासुद्धा त्यांच्या कपाटात शोभेच्या वस्तू होतील.

शेजारी धुळ्यात शरद पाटील होऊन गेले. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, पण हा माणूस हट्टाने संस्कृत व्याकरण शिकला आणि दिङ्नाग-धर्मकीर्तीपर्यंत पोचला, कारण ब्राह्मणी सौंदर्यशास्त्राला उत्तर द्यायचं तर हत्यार कुठलं ह्याचा त्याला शोध होता. आणि आपल्या सिन्नर तालुक्यातले वामनदादा मोठेपणी अक्षरं शिकले. ह्या दोघांत मला काही फरक दिसत नाही. दोघांनीही नाकारलेली गोष्ट हिसकावून घेतली.

मग चार वर्षांत शिकायचं काय? मला विचाराल तर पहिल्या वर्षी तर्कशास्त्र. कोरडं वाटेल, तरी तेच. एखादं भाषण ऐकून कुठल्या वाक्यात लबाडी आहे ते बोट ठेवून सांगता यायला पाहिजे, समोरच्याच्याही आणि आपल्याही नेत्याच्या. जोडीला पाली आणि इंग्रजी. मायनर विषय घ्यायचा असतोच, तो पाली मिळाला तर सोडू नका, नाहीतर इतिहास. मराठीत तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ साली निघालेत, इंग्रजीचं अडलं तर तिथे जा. महाराष्ट्राच्या रचनेत पहिल्याच वर्षी भारतीय ज्ञान प्रणालीचे दोन क्रेडिट आहेत. त्याला घाबरू नका आणि त्यावर बहिष्कारही नको. वर्गात हात वर करायचा आणि विचारायचं, सर, धर्मकीर्ती भारतीय आहे ना?

कारण दुसऱ्या वर्षी भारतीय दर्शनं येतील आणि तिथे पहिल्याच पानावर वाटणी असेल. सहा आस्तिक, तीन नास्तिक. चार्वाक, जैन, बौद्ध नास्तिकांच्या रांगेत. आस्तिक म्हणजे काय? वेद मानणारा. म्हणजे वहिवाट त्यांची, मोजमाप त्यांचं, आणि आपण आपल्याच देशात नकारार्थी शब्दाने ओळखले जाणार. गावकुसाबाहेरची वस्ती पुस्तकातसुद्धा आहे. ही वाटणी घोकायची नाही, तिच्यावर निबंध लिहायचा. सातव्या शतकातला हा धर्मकीर्ती, मूर्खपणाच्या खुणा सांगताना जातीचा ताठा आणि आंघोळीने पुण्य लागतं ही समजूत एकाच माळेत ओवणारा. ज्या शहरात २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या आंघोळीसाठी हजारो कोटींचे आराखडे होतात, त्या शहरातल्या कॉलेजात तो शिकवायला पाहिजे की नको? त्याचा मूळ संस्कृत ग्रंथ इथून नाहीसाच झाला होता. राहुल सांकृत्यायन तिबेटच्या मठांत पोथ्या धुंडाळत हिंडले तेव्हा तो हाती लागला, १९३० नंतरच्या त्याच दशकात, जेव्हा इथे काळारामाचा दरवाजा बंद होता.

तिसऱ्या वर्षी पश्चिमेकडचं, नीतिशास्त्र, राजकीय विचार. मार्क्स वाचा आणि ड्यूई वाचा, आणि मग बाबासाहेब परत वाचा, तेव्हा ते वेगळेच दिसतील. फोटोतले नव्हे, वाद घालणारे. आणि चौथ्यात स्वतःचं. विषय नाशिकलाच पडलेत.

एक सांगतो. त्रिरश्मीच्या डोंगरावर दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. नहपान क्षत्रपाचा हा जावई. त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. कुठे ठेवले? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी. हिशोब करून बघा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात. आणि हे सगळं नगराच्या सभेत ऐकवून, फळ्यावर नोंदवून ठेवलेलं. उषवदात राजघराण्यातला, ब्राह्मणांनाही हजारोंनी गायी वाटणारा, त्याचं कौतुक मला नाही. मला कौतुक मागावर बसलेल्या त्या हातांचं. भिक्खू लेण्यात बसून अनित्यतेवर, कार्यकारणावर वाद घालत होते आणि त्यांच्या अंगावरचं कापड विणकरांच्या कष्टातून येत होतं. मी सूत काढणारा माणूस. ह्या शहरातलं तत्त्वज्ञान माझ्या धंद्याच्या व्याजावर जगलंय, आणि मला सांगतात हा विषय तुझा नाही!

तर आता पैशाचं. सरकारी शिष्यवृत्ती घ्यायची, तो हक्क आहे, भीक नव्हे. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, तिचा अर्ज करायचाच. पण हप्ता कधी येतो ते ज्याला मिळतो त्याला विचारा. पोट रोज लागतं, हप्ता त्याच्या सवडीने येतो. रोहित वेमुला २०१६ च्या जानेवारीत हैदराबादच्या विद्यापीठात गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप यायची होती. सरकारच्या एका खांबावर माणूस टांगून ठेवायचा नसतो, हे आपण तिथे शिकायला पाहिजे होतं.

१४ एप्रिलला डीजेला किती जातात? मी आकडा सांगत नाही, प्रत्येक मंडळाने आपली वही काढावी. मला साधं गणित येतं. वस्तीत कमावती शंभर माणसं. माणशी महिना पन्नास रुपये. वर्षाचे साठ हजार. एका पोरीचं एक वर्ष निघतं, शिष्यवृत्ती उशिरा आली तरी. चार वस्त्यांनी मिळून चार वर्षं. तिला मोबदल्यात काय मागायचं? महिन्यातून एका रविवारी विहारात येऊन जे शिकली ते आम्हाला मराठीत सांगायचं, आणि आम्ही विचारू त्या प्रश्नांना उत्तर द्यायचं. येत नसेल तर तसं सांगायचं आणि पुढच्या रविवारी आणायचं. पदवी झाल्यावर आमच्याच बाजूने बोललं पाहिजे, अशी अट घालायची नाही. तत्त्वज्ञान शिकून ती आमचंही खोडून काढील. काढू दे. मिलिंदाला नागसेन परवडला, आपल्याला एक पोरगी परवडणार नाही?

साथी म्हणेल, नोकरीचं काय. पदवी ही पदवी असते, स्पर्धा परीक्षांना कुठलीही चालते, आणि यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहेच. पण हे मी घाईत सांगतोय, कारण ह्यासाठी मी भांडत नाही. नर्स पाहिजेत, वकील पाहिजेत, फिटर पाहिजेत. प्रत्येकाने तत्त्वज्ञान घ्यावं असं कुणी म्हटलं? नाशिक जिल्ह्यातून दरवर्षी पाच-सहा पोरंपोरी आपल्या खर्चाने चौथ्या वर्षापर्यंत गेली तरी दहा वर्षांत विचाराचं चित्र बदलेल.

काम वाटून घेऊ. प्रवेश सुरू व्हायच्या आधी शहरातल्या प्रत्येक कॉलेजात दोघांनी जायचं. तत्त्वज्ञान आहे का, मेजर म्हणून आहे की नुसतं मायनर, कायम मास्तर किती, चौथं वर्ष चालवणार का, पाली आहे का. पाच प्रश्न, लेखी अर्ज, पोच घ्यायची. सिन्नर, येवला, मनमाड, मालेगावच्या साथींनी आपापल्या गावचं बघायचं. उत्तरं आली की ह्याच अंकात छापू, कॉलेजाच्या नावासकट. निधीची वही विहारात फळ्यावर टांगायची, कुणाचे आले कुणाचे नाही सगळ्यांना दिसलं पाहिजे. मला ह्या महिन्यात दुसरी पाळी आहे, सकाळी मोकळा असतो, गंगापूर रोडची कॉलेजं माझ्याकडे द्या. बरोबर यायला एक जण पाहिजे, इंग्रजी अर्ज लिहिता येणारा. आणि वहीत पहिलं नाव माझं घाला, पन्नास रुपये, पगार सात तारखेला होतो.